दत्तू, साहेबाला तू काय सांगितलंस?

दत्तू,

तुझं दिवसकार्य उरकलं. साथीच्या दिवसांत माणसं येऊन येऊन किती येणार. जी आली ती दारातूनच हात जोडून गेली. आज दुपारी खोलीत आई आणि मी दोघीच उरलो. आई भिंतीकडे तोंड करून पडली आहे. झोपलेली नाही, हे तिच्या पाठीवरून कळतं.

मी हे लिहून तुझ्याशी बोलायला बसले आहे, कारण मला तुला काही विचारायचं आहे. रडून झालं असं नाही. पण रडता रडता मध्येच एखादा प्रश्न आठवतो आणि मी रडणं थांबवून विचार करत बसते. तू असतास तर म्हणाला असतास, "आक्का गो, मेलेल्या माणसाला तरी सोड."

तुला आठवतं, परीक्षेची बातमी तू कशी आणलीस? शनिवारची संध्याकाळ होती. परळच्या गिरणीतून तू चालत आलास, केसांत नेहमीसारखा कापूस, आणि हातपाय न धुताच म्हणालास की बंदरावरच्या पोलिसात लिहिता-वाचता येणारी थोडी माणसं थेट हवालदार म्हणून घेणार आहेत. आधी लेखी, मग साहेबापुढे मुलाखत. आईने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बाबा माझगावच्या धक्क्यावर गोदामाचे शिपाई होते आणि जन्मभर पोलिसाला बघून रस्ता बदलत आले. त्यांच्या मुलाने पोलिसाचीच पगडी घालायची, हे तिला कसंसंच वाटलं असणार. पण तुझा खोकला ती रोज ऐकत होती. गिरणीत हजेरी लिहायचं काम म्हणायला बसून करायचं, पण हवा तिथलीच. आणि वयाची अट अशी की पुढची परीक्षा लागेपर्यंत तू बाद झाला असतास. एकदाच काय ती संधी.

अडचण अशी होती की तुला वाचून काही लक्षात राहत नसे. ऐकलेलं मात्र तू विसरायचा नाहीस. वाडीतल्या एका वकिलाच्या कारकुनाकडून तू कायद्याचं मराठी पुस्तक आणलंस, ते माझ्यापुढे ठेवलंस आणि दाराच्या चौकटीला पाठ टेकून डोळे मिटलेस. मी पंधराव्या वर्षी सासरहून परत आले, पांढऱ्या कपाळाने, त्याआधी मुलींच्या शाळेत चार इयत्ता झाल्या होत्या. तेवढ्या भांडवलावर मी वाचू लागले. वाक्यं इतकी लांब की शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात हरवायची. मग मी ती तोडून, आपल्या बोलीत आणून तुला सांगायची. तुला सांगता सांगता मलाच त्याची गोडी लागली.

तोवर मला वाटत होतं, कायदा म्हणजे दटावणी. त्या पुस्तकात पाहिलं तर पानोपानी प्रश्न होते. वस्तू कोणाच्या ताब्यात होती? घेणाऱ्याला ते ठाऊक होतं का? त्या वेळी त्याच्या मनात काय होतं? माझ्याबद्दल आजवर कुणी इतक्या चौकशीने विचारलं नव्हतं. नवरा गेला तेव्हा सासरच्यांनी काही न विचारताच ठरवून टाकलं होतं, की मी पांढऱ्या पायाची. मी हे तुला बोलून दाखवलं नाही. तुला ते न सांगता कळलं असेल का, हा मला तुला विचारायच्या प्रश्नांतलाच एक.

पुस्तकातली उदाहरणं संपली तेव्हा मी चाळीतली काढू लागले. तळमजल्यावरच्या बाईची कोंबडी जिना चढून आपल्या लाकडांच्या फटीत अंडं घालून गेली, तर अंडं कुणाचं? तू डोळे मिटून म्हणालास, कोंबडीच्या मालकिणीचं. मी विचारलं, आणि आपण ते खाल्लं तर? तू म्हणालास, मालकीण कोण ते ठाऊक असून खाल्लं तर तो गुन्हाच. चुलीपाशी आईचा हात थांबला. तिने त्याच सकाळी ते अंडं तुझ्याच पानात वाढलं होतं.

"मग धर मला," ती म्हणाली.

आपण दोघं हसलो, ती हसली नाही. मी तुला तिथेच पेचात धरलं. म्हटलं, साहेबाने हेच विचारलं तर? आपल्या आईला धरशील? तू म्हणालास, हुकूम झाला तर धरीन. मी म्हटलं, नुसता हुकूम? तिला काही विचारणार नाहीस? तू म्हणालास, पोलीस विचारत बसला तर त्याची नोकरी टिकत नाही. मी म्हटलं, न विचारणारा पोलीस आणि गाडीचा बैल, यात काय फरक? तू चिडलास. मग पुढे किती रविवार आपण त्यावरच भांडलो.

पंचनाम्याची तयारी मात्र मजेची होती. मी तुला खाली पाठवायची, गिरगावच्या रस्त्यावर एक चक्कर मारून यायला, आणि आलास की विचारायची, काय पाहिलंस. पहिल्या खेपेला तू म्हणालास, काही नाही, गर्दी होती. मी म्हटलं, नापास. दुसऱ्या खेपेला तू एका शिंगाचा बैल आणलास. पुढे पुढे तुझी नजर अशी बसली की ट्रामच्या कुठल्या घोड्याच्या पायाला जखम आहे, कुठल्या दुकानाची फळी नवी आहे, कुठली बाई रडून आली आहे, हे सगळं तू घेऊन यायचास. मी मात्र खोलीतच असायची. तो रस्ता मला तुझ्या डोळ्यांनी दिसू लागला. तुझ्या परीक्षेने मला जेवढं जग दाखवलं, तेवढं कुणी दाखवलं नव्हतं. तुझे आभार मी कधी मानले नाहीत. भाऊ-बहिणीत कोण मानतं.

मुलाखतीसाठी मी साहेब व्हायची. खुर्ची नव्हती, म्हणून पत्र्याच्या पेटीवर पाय खाली सोडून बसायची. इंग्रजी येत नव्हतं, तर घशातून काहीतरी घरघर करायची, आणि मग साहेबाचा कारकून होऊन तेच मराठीत सांगायची. तू समोर ताठ उभा, आणि ओठ दाबून धरलेले. एकदा आईने मागून विचारलं की साहेबाला सर्दी झाली आहे का, तेव्हा तुझा धीर सुटला.

लेखी परीक्षा तू चांगली दिलीस. बंदरावर गाठोडं बेवारशी सापडलं, त्याचा पंचनामा लिहा, असं काहीतरी आलं होतं. तू गाठोड्याची गाठ कशी मारली होती तेसुद्धा लिहिलंस म्हणे. नाव लागलं तेव्हा आईने देवापुढे साखर ठेवली, आणि ती पोलिसासाठी नाही, मुलासाठी आहे, असं देवाला मोठ्याने ऐकवलं.

मुलाखतीच्या दिवशी मी तुझ्याबरोबर आले. आईला ते रुचलं नाही. मला ती इमारत पाहायची होती. मी समोरच्या झाडाखाली उभी राहिले, येणारे-जाणारे पाहत होते की ही पांढऱ्या कपाळाची बाई कुणाची वाट बघते. मला त्याचं काही वाटलं नाही. मी त्या खिडक्यांकडे बघत होते. कुठल्या खिडकीआड तू उभा आहेस, साहेब तरुण असेल की म्हातारा, तो खरंच घशातून बोलत असेल का, असं काय काय मनात येत होतं.

तू बाहेर आलास तेव्हा तुझ्या तोंडावरून काहीच कळेना. जवळ येऊन म्हणालास, "पोहता येतं का, असं विचारलं गो."

बंदरावरचा पोलीस! आपण सगळी कलमं घोकली, आणि पाण्याचा विचारच केला नव्हता. तू सांगितलंस की तू खरं ते बोललास. येत नाही, पण घेतलंत तर आधी तेच शिकेन. साहेब हसला म्हणे.

मग मी विचारलं, आणखी काय विचारलं? तू म्हणालास, हुकूम झाला आणि तो पटला नाही तर काय करशील, असं विचारलं. मी विचारलं, मग तू काय सांगितलंस?

ट्राममध्ये तू म्हणालास, "हुकूम मानीन, असं सांगितलं." घरी आल्यावर आईला तू सांगितलंस की साहेबाला मी म्हटलं, आधी विचारीन आणि मग मानीन. पुढच्या आठवड्यात गिरणीतला तुझा एक सोबती घरी आला होता, त्याला तू तिसरंच सांगितलंस. म्हणे, मी उत्तरच दिलं नाही, नुसता उभा राहिलो, आणि साहेब म्हणाला, ठीक आहे. त्यानंतर मी कितीदा खोदून विचारलं. तू हसायचास आणि म्हणायचास, "तू होतीस ना समोरच्या झाडाखाली, तुला ऐकू आलं नाही?"

दत्तू, त्या तिन्हींतलं खरं कुठलं?

तुला घेतलं. तू शब्द दिल्याप्रमाणे पोहायला शिकलास. माझगावच्या कोळीवाड्यातला एक म्हातारा नाखवा, बाबांच्या ओळखीचा, त्याने तुझ्या कमरेला दोर बांधून भरतीच्या पाण्यात तुला होडीवरून ढकललं. त्याची सून हिरा काठावर मासळी वाळत घालायची, ती तुझी धडपड बघून हसायची, हे तूच घरी येऊन सांगितलंस. पायाखाली जमीन नसली की कसं वाटतं, असं मी तुला विचारलं होतं. तू म्हणालास, "आधी वाटतं आता गेलोच. मग म्हातारा ओरडतो, हात मार, विचार नको करू. आणि हात मारला की कळतं, पाणी आपल्याला धरून आहे." तुझ्या तोंडून इतकं लांब बोलणं मी क्वचितच ऐकलं होतं.

निळा डगला आणि पिवळी पगडी घालून तू पहिल्यांदा निघालास तेव्हा वाडीतली पोरं मागे लागली. समुद्राच्या वाऱ्याने तुझा खोकला गेला. संध्याकाळी तू जेवायला बसलास की मी विचारायची आणि तू सांगायचास, की बसऱ्याचा खजूर उतरला, अरबी घोडे झोळीत घालून खाली घेतले, एक घोडा धक्क्यावर पाय टेकताच थरथरला. ती दोन-तीन वर्षं आपल्या घराची सुखाची होती. तेव्हा ते कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही. मला रोज कळत होतं.

मग गाठीचा ताप आला. चाळी रिकाम्या होऊ लागल्या, माणसं गाठोडी बांधून कोकणात निघाली. घरोघर जाऊन आजारी माणसं शोधायची आणि इस्पितळात न्यायची, असा हुकूम निघाला. तुला माझगावची माहिती, म्हणून बंदरावरून तुला तिथल्या शोधपथकात दिलं.

आपलं शेवटचं मोकळं बोलणं हे भांडणच झालं. आपल्या गल्लीत पथक आलं होतं, दुसरंच, तुझं नव्हे. एका घरी ओली बाळंतीण होती, तिच्या खोलीत सरळ घुसले. तिचा आवाज मी ऐकला होता. तू पगडी बांधत होतास आणि मी म्हटलं, "दाराबाहेर उभं राहून आधी विचाराल तर काय बिघडेल तुमचं?"

तू माझ्याकडे न बघता म्हणालास, "विचारलं की लपवतात, आक्का. लपवलं की घरातली बाकीची मरतात. तू पुस्तक वाचलंस. मी घरं बघतोय."

तू जिना उतरून गेलास. पुढचे काही दिवस तू घरी आलास, जेवलास, पण मी काही विचारलं नाही आणि तू काही सांगितलं नाहीस.

नंतर एका दुपारी तू जिन्याच्या मधल्या पायरीवर उभा राहिलास. वर येईनास. मी खाली येऊ लागले तर हात आडवा केलास. डोळे लाल होते. म्हणालास, आईला सांग, कामावर मुक्काम पडलाय. मी म्हटलं, ती विचारील किती दिवस. तू कठड्याला धरून म्हणालास, तू सांग काहीतरी, तुला जमतं. मग कुणाचा आधार न घेता तू स्वतःच इस्पितळात चालत गेलास. आम्हाला आत सोडलं नाही. तुझी पगडी तेवढी बाहेर दिली.

आता ऐक. हे तुला ठाऊक आहे, पण मला ठाऊक झालं आहे हे तुला ठाऊक नाही.

कार्याच्या आदल्या दिवशी हिरा आली होती. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण उंबऱ्याबाहेर उभी राहून तिने तुझं नाव घेतलं आणि मी ओळखलं. आत ये म्हटलं, आली नाही. तिने सांगितलं की पथक त्यांच्या वस्तीत आलं तेव्हा सगळ्यांत पुढे तू होतास. पथकाचा साहेब मागे. तिच्या दाराशी तू थांबलास, जोडे काढलेस आणि विचारलंस, घरात कुणी आजारी आहे का. म्हाताऱ्याला दोन दिवसांचा ताप होता. ती म्हणाली, कुणी नाही. तू तिच्या तोंडाकडे बघितलंस, मागे वळलास आणि साहेबाला सांगितलंस, कुणी नाही.

पथक गेल्यावर त्यांनी म्हाताऱ्याला घरातून काढून होडीत लपवलं, ताडपत्रीखाली. दुसऱ्या दिवशी पहाटे तू एकटाच आलास, अंगावर डगला नव्हता, आणि कुणाला न विचारता सरळ त्या होडीकडे गेलास. म्हाताऱ्याला पाणी पाजलंस, त्याच्याजवळ बसलास, त्याला समजावत राहिलास. इस्पितळात जायला तो तयार झाला तेव्हा त्याच्यात उभं राहायची ताकद नव्हती. तू त्याला पाठीवर घेतलंस. तो वाटेतच गेला. हिराचा धाकटा दीरही त्याच आठवड्यात गेला.

हिरा रडत नव्हती. ती म्हणाली, "त्यानं इचारलं, म्हणून मना खोटं बोलता आलं. न इचारता घुसला असता तं म्हातारा त्याच दिशी इस्पितळान गेला असता, नि तुजा भाव आज जिता असता." मग म्हणाली, "पन त्यानं जोडे काढले. आमच्या दारान कोनी आजवर जोडे नाय काढले."

एवढंच सांगायला ती माझगावहून चालत आली होती. मी तिला पाणी दिलं. ती प्यायली आणि गेली.

तेव्हापासून मी हेच उलटसुलट करते आहे. माझं ऐकून तू थांबलास का? की ते दार तुझ्या नाखव्याचं होतं म्हणून? बाकीच्या दारांतही तू विचारत होतास का? तिचं खोटं तुला कळलं होतं हे उघड आहे, नाहीतर दुसऱ्या दिवशी होडीकडे का गेलास? मग साहेबाला तसं का सांगितलंस? त्या धाकट्या दिराचं काय? भांडणात मी बरोबर होते की तू? मी बरोबर होते असं म्हणावं तर तू गेलास. तू बरोबर होतास असं म्हणावं तर तू स्वतःच तसं वागला नाहीस. आणि घरी येऊन, समोर बसून, भात कालवत असताना तू मला हे एका शब्दाने सांगितलं नाहीस. मला त्याचा राग आहे, दत्तू. आणि तू जोडे काढलेस याचा मला इतका अभिमान आहे की आईलाही सांगवत नाही.

मधे काही दिवस लिहिलं नाही. एक गोष्ट घडली, ती सांगते.

पथकांबरोबर जायला लिहिता-वाचता येणाऱ्या बायका हव्या होत्या, घरांतल्या बायकांना तपासायला. तुझ्या बरोबरचा एक हवालदार तुझे चौकीत राहिलेले कपडे द्यायला आला होता, त्याने सांगितलं. मी गेले. तुझ्या मुलाखतीच्या इमारतीत नाही, दुसरीकडे. एक गोरी डॉक्टरीणबाई होती आणि तिचा कारकून. ती घशातून बोलत नव्हती, बारीक आवाजात बोलत होती. तिने मला वाचून दाखवायला सांगितलं, ते मी दाखवलं. मग विचारलं, भीती वाटते का. मी हो म्हटलं. ती मान खाली घालून काहीतरी लिहीत राहिली. मला वाटलं, संपलं. कारकून म्हणाला, सोमवारपासून या.

आईला सांगितलं. एक पोर साथीने नेलं, दुसरी आपल्या पायाने तिकडे निघाली, असं तिच्या डोळ्यांत दिसत होतं. मला वाटलं, अडवणार. ती म्हणाली, "लवकर ये. आणि आल्यावर आधी अंघोळ." एवढंच.

काल सोमवार होता. परळच्या एका चाळीत पहिलं दार माझ्या वाट्याला आलं. मागे डॉक्टर, दोन शिपाई आणि साहेब. मी चपला काढल्या. पदर मुठीत धरला आणि दारावर थाप मारली. आतून बाईचा आवाज आला, कोण? मी माझं नाव सांगितलं. म्हटलं, बाई, मी एकटीच आत येईन. घरात कुणी आजारी आहे का?

आत कुजबुज झाली. मग काहीतरी जड सरकवल्याचा आवाज आला, फरशीवरून, सावकाश. साहेबालाही तो ऐकू आला असणार, कारण त्याचे बूट पुढे आले. मी मागे न बघता हात वर केला. तो थांबला.

मी दारासमोर उभी राहिले. विचारायचं की नाही, यावर आपण इतकं भांडलो, दत्तू. विचारल्यावर किती वेळ थांबायचं, हे मात्र कधी बोललोच नाही.